दोरी हलकी लागते, इंजिन धरत नाही: जुन्या छोट्या पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन कसे तपासावे

खरिपाची धांदल संपल्यावर फवारणी पंपाचे, पॉवर वीडरचे किंवा पाण्याच्या पंपाचे इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते, आणि पुन्हा गरज लागली की दोरी ओढून खांदा भरून येतो तरी ते धरत नाही. मग ते दुरुस्तीला येते आणि सोबत निदानही तयार असते: ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, बदलून टाका.’ अशी इंजिने वर्षानुवर्षे हाताखालून गेल्यावर एवढे नक्की सांगता येते की कॉम्प्रेशन (पिस्टनने सिलिंडरमध्ये हवेवर आणलेला दाब) उतरलेल्या बहुतेक इंजिनांत पहिला दोष व्हॉल्व्हच्या गॅपमध्ये, प्लगच्या वायसरमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (सिलिंडर आणि त्याचे वरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधल्या पट्टीत) सापडतो. रिंगांचा क्रम त्यानंतर लागतो. हवा नेमकी कुठून निसटते हे कळेपर्यंत हेडच्या बोल्टला पाना लावू नये, कारण हेड एकदा उघडले की गळतीचा मागही पुसला जातो.

पुढील मजकूर एक सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या फोर स्ट्रोक इंजिनांसाठी आहे. आकड्यांसाठी होंडाच्या जीएक्स १६० चा आधार घेतला आहे, कारण १९८३ पासून चालत आलेल्या जीएक्स मालिकेच्या घडणीवर बेतलेली चिनी इंजिने आज गावोगावच्या वीडरांवर आणि पंपांवर बसवलेली दिसतात. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या जुन्या इंजिनांचे कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेले असते, त्यामुळे त्यांना हे आकडे लावू नयेत. तपासण्यांचा क्रम मात्र तोच राहील. टू स्ट्रोक इंजिनाचे गणित वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाही.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे दोरी ओढताना मधे जो अडसर लागायला हवा तो लागत नाही, हात सरळ मागे येतो. दुसरे म्हणजे इंजिन थंड असताना दोन-चार ओढींत सुरू होते, परंतु तासभर चालवून पेट्रोल भरण्यापुरते बंद केले की पुन्हा धरत नाही. तिसरे, रिकामे चांगले फिरते आणि भार पडला, म्हणजे वीडर मातीत उतरला किंवा पंपाने पाणी उचलले, की दम सोडते. कार्बोरेटरमधून फटफट उलटी हवा येणे, सायलेन्सरमधून निळसर धूर निघणे, ब्रीदरच्या (तेलाच्या पोकळीतील हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून तेल येऊन एअर फिल्टर ओला होणे, ही लक्षणे त्याच कुळातील आहेत, पण प्रत्येकाचे बोट वेगळ्या जागेकडे जाते. कार्बोरेटरमधील उलटी हवा इनलेट व्हॉल्व्हकडे, ब्रीदरमधील तेल रिंगांकडे.

तापल्यावर न धरणे हे लक्षण फसवे आहे. इग्निशन कॉइल तापल्यावर ठिणगी सोडेनाशी झाली तरी अगदी असेच होते. म्हणून इंजिन गरम असताना आणि धरत नसतानाच प्लग काढून, तो प्लगच्या भोकापासून दूर बॉडीला टेकवून, ठिणगी पाहून घ्यावी. ठिणगी नसेल तर कॉम्प्रेशनच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

काही खर्च न होणाऱ्या तपासण्या

सुरुवातीला इंधनाचा कॉक बंद करावा आणि प्लगची टोपी काढून बाजूला बांधावी. आता दोरी ओढताना पंख्याकडे पाहावे. दोरी हलकी येते आणि पंखा फिरतच नाही, असे असेल तर दोष स्टार्टरच्या कुत्र्यांमध्ये, म्हणजे दोरीची ओढ फ्लायव्हीलला पोचवणाऱ्या खिट्ट्यांमध्ये, आहे. इंजिनाचा त्यात काही संबंध नाही. ऐकायला हे हास्यास्पद वाटेल, पण एवढ्यावरून निम्मे इंजिन उघडून ठेवलेले पाहण्यात आले आहे.

पंखा फिरत असेल तर प्लग हाताळून पाहावा. प्लग सैल असणे, त्याखालचा वायसर हरवलेला असणे किंवा जुना चपटा वायसर पुन्हा वापरलेला असणे, या कारणांनी हवा तिथूनच निसटते. प्लगच्या बुडाभोवती काळ्या काजळीचा डाग असेल तर ती खूणच समजावी. साबणाचे पाणी बुडाशी सोडून दोरी ओढल्यास फेस उठतो. प्लग घट्ट करताना ताकद लावू नये, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते आणि त्यातील आटे एकदा गेले की किरकोळ दोषाचे रूपांतर लेथच्या कामात होते.

नंतर तेल पाहावे. तेल कमी असेल तर ते भरावे हे उघड आहे. पण तेलाची पातळी वाढलेली असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळते आहे. हे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन नेते, रिंग आणि भिंत यांमधील बारीक फट बंद करणारे काही उरत नाही आणि चांगल्या रिंगा असूनही कॉम्प्रेशन पडते. चोक ओढून दहा-बारा वेळा दोरी ओढलेल्या, म्हणजे ‘फ्लड’ झालेल्या इंजिनाचेही असेच होते. त्यावर उपाय सोपा आहे: प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, दोरी अनेकदा ओढून सिलिंडर कोरडा करावा, प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडावे, पुन्हा दोन-तीनदा ओढावे आणि मग प्लग बसवून पाहावे. तेलात पेट्रोल उतरले असेल तर तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये, कारण पातळ झालेले तेल कनेक्टिंग रॉडला वाचवत नाही.

एअर फिल्टर आणि सायलेन्सरचे तोंडही याच टप्प्यावर पाहून घ्यावे. बंद ठेवलेल्या इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर केलेले आढळणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. हवा आत आलीच नाही किंवा बाहेर गेलीच नाही तर कॉम्प्रेशनचा कोणताही आकडा खोटा ठरतो. फिल्टरचा फोम फाटलेला किंवा नाहीसा झालेला असेल आणि इंजिन वीडरवर काळ्या मातीच्या धुळीत चाललेले असेल, तर मात्र रिंगांविषयीचा संशय थोडा आधीपासूनच मनात ठेवावा.

फ्लायव्हील उलटे फिरवून पाहणे

दोरी हलकी लागली म्हणजे कॉम्प्रेशन गेलेच, असे होत नाही. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेसर असतो. दोरी ओढतानाच्या कमी वेगात तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, ज्यामुळे हातावर जोर येत नाही; इंजिनाने वेग घेतला की वजन बाहेर फेकले जाऊन तो बाजूला होतो. म्हणजेच दोरीच्या वेगात कॉम्प्रेशनचा काही भाग इंजिन स्वतःहून सोडून देते.

यावर एक बिनखर्चाची युक्ती आहे. स्टार्टरचे आवरण काढून फ्लायव्हील हाताने चालण्याच्या उलट दिशेने जोरात झटका देऊन फिरवावे. उलट दिशेने दाबाचा फेरा ज्या जागी येतो तिथे डीकॉम्प्रेसरचा उंचवटा लागू होत नाही, त्यामुळे पूर्ण दाब तयार होतो. चांगल्या इंजिनात फ्लायव्हील तिथे आदळून ठसक्यात परत फिरते. ते मऊपणे थांबले किंवा ओलांडून गेले तर हवा खरोखर निसटते आहे. ही तपासणी आकडा देत नाही, परंतु निरोगी इंजिनाला दुरुस्तीच्या टेबलावरून परत पाठवण्यास ती पुरेशी आहे.

व्हॉल्व्हची गॅप

एक फिलर गेज, एक पाना आणि अर्धा तास एवढ्यावर सुटणारा दोष म्हणून या तपासणीला माझ्या लेखी सर्वांत जास्त महत्त्व आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधील बैठकीवर, आदळत राहतो, सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसू लागतो आणि त्याची दांडी रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या तरफेकडे, सरकते. या दोहोंमधली गॅप वाढण्याऐवजी कमी होत जाते. ती शून्यावर आली की तापलेली दांडी लांबल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही. मग दाब निसटतो आणि त्याच फटीतून जळता वायू जाऊन व्हॉल्व्हची कडही जळू लागते. आज गॅप लावली तर फुकटात सुटणारा दोष पुढच्या हंगामात नवा व्हॉल्व्ह मागतो.

इंजिन पूर्ण थंड असावे. प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि फ्लायव्हील सावकाश सुलट फिरवावे. अंगठ्याखालून हवा ढकलू लागली की दाबाचा फेरा सुरू झाला. भोकातून प्लास्टिकची मऊ नळी पिस्टनवर टेकवून पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणावा. या जागी दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. पिस्टन टोकाच्या थोडा अलीकडे राहिला तर डीकॉम्प्रेसर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरत असू शकतो आणि त्या जागी लावलेली गॅप चुकीचीच लागते. जीएक्स १६० साठी इनलेट ०.१५ मिलिमीटर आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर धरावी. एक्झॉस्टची गॅप ‘सुरक्षित’ म्हणून जास्त ठेवण्याचा मोह टाळावा. डीकॉम्प्रेसरची उचल फार थोडी असते, ती वाढीव गॅपमध्येच संपून जाते आणि मग दोरी हाताला हिसके देऊ लागते.

रॉकरचे झाकण उघडलेलेच आहे तर फ्लायव्हील दोन पूर्ण फेरे फिरवून दोन्ही व्हॉल्व्ह सारखे उघडतात आणि मिटतात का, हेही पाहावे. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी काडी) वाकलेला किंवा जागेवरून निसटलेला असेल आणि इनलेट व्हॉल्व्ह उघडतच नसेल, तर सिलिंडरमध्ये दाबायला हवाच येत नाही. अशा इंजिनाचे कॉम्प्रेशन शून्याजवळ दाखवते आणि गळती मात्र कुठेच सापडत नाही. व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे दांडीच्या नळीत, अडकला असेल, जे पावसाळाभर दमट जागी ठेवलेल्या इंजिनात हमखास होते, तर दांडीवर गंज सोडवणारे तेल सोडून, स्प्रिंगवर हलके दाबत तो मोकळा करावा. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात त्या जुन्या घडणीत गॅपसाठी स्क्रू नसतो, दांडीचे टोक घासूनच गॅप वाढवावी लागते. घासलेले परत येत नाही, म्हणून ते काम सवयीच्या माणसाकडेच द्यावे.

गेज लावताना

गॅप बरोबर असूनही शंका उरली तरच कॉम्प्रेशन गेज घ्यावा. आट्यांनी बसणारा गेज रबरी टोकाच्या गेजपेक्षा बरा, मात्र त्याच्या पाइपच्या टोकाला, म्हणजे प्लगच्या बाजूला, एकेरी व्हॉल्व्ह आहे की नाही हे विकत घेतानाच पाहावे. जुन्या जीएक्स १६० चा पिस्टन १६३ घन सेंटिमीटर हवा दाबतो आणि कॉम्प्रेशनचे प्रमाण (पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले तो वर असताना उरणारी जागा) ८.५ धरले तर वर उरणारी जागा जेमतेम २२ घन सेंटिमीटर असते. पाच मिलिमीटर भोकाचा एक फूट पाइप जवळपास सहा घन सेंटिमीटरची भर घालतो. व्हॉल्व्ह गेजच्या बाजूला असेल तर ही सगळी जागा हेडच्या जागेत मिळते आणि ८.५ चे प्रमाण ७ च्या खाली येते. मोटारीच्या मोठ्या सिलिंडरला न जाणवणारा हा फरक छोट्या इंजिनाला नापास करून जातो.

प्लगची टोपी बॉडीला टेकवून ठेवावी, चोक पूर्ण उघडा आणि थ्रॉटलही पूर्ण उघडे असावे, नाहीतर आत येणारी हवाच अपुरी पडते. दोरी पूर्ण लांबीने, सारख्या जोराने, काटा वर चढायचा थांबेपर्यंत ओढावी. पहिल्याच ओढीत काटा बराच चढला आणि मग थोडा थोडा वाढत गेला तर ते चांगले लक्षण. पहिली ओढ अगदी कमी आणि पुढे हळूहळू चढत गेला तर बहुधा रिंगा. डीकॉम्प्रेसर असलेल्या इंजिनात दोरीने मिळणारा आकडा कमीच येणार, म्हणून तो पुस्तिकेतील आकड्याशी ताडताना पुस्तिकेने कोणता वेग धरला आहे ते वाचावे. ६० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.२ किलो, याच्या खाली काटा अडला की मी पुढची तपासणी करतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीच्या ठिकाणी हवाच विरळ असल्याने तेच इंजिन कोकणातल्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी दाखवते. तो दोष नव्हे.

यानंतर भोकातून तेल सोडून पुन्हा मोजण्याची पद्धत सर्वांना माहीत असते: आकडा चढला तर रिंगा, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. छोट्या इंजिनात ती जपून वापरावी लागते. चहाचा चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर तेलाने वरची २२ ची जागा १७ वर येते आणि प्रमाण साडेदहाच्या पुढे जाते. म्हणजे व्हॉल्व्ह गळत असला तरी आकडा थोडा चढणारच. अर्धा चमचा पुरे, आणि काटा दीडपट किंवा त्याहून जास्त उसळला तरच रिंगांवर ठपका ठेवावा. तिरक्या सिलिंडरमध्ये तेल खालच्या बाजूलाच साचते, म्हणून तेल सोडल्यावर दोरी दोन-तीनदा ओढून ते पसरू द्यावे.

हवा भरून ऐकणे

नेमकी जागा दाखवणारी तपासणी हीच. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढून उरलेल्या कवचात मोटारसायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून घेतला की पंक्चरच्या दुकानातील हवेची नळी लावता येते. रॉकरचे झाकण, एअर फिल्टर आणि तेलाचे झाकण काढावे, पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणावा आणि फ्लायव्हील पक्के धरण्याची सोय करावी. चौरस सेंटिमीटरला फक्त दोन किलो हवा सोडली तरी ६८ मिलिमीटरच्या पिस्टनवर सुमारे ७२ किलोचा जोर येतो. पिस्टन टोकापासून जरासा हलला तर फ्लायव्हील झटक्यात फिरते आणि नटावर विसरलेला पाना हात मोडतो. हवा हळूहळू सोडावी आणि ही मर्यादा ओलांडू नये.

मग कान लावावा. कार्बोरेटरच्या तोंडातून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. तेलाच्या भोकातून वारा आला तर रिंगा किंवा सिलिंडर. थोडासा वारा तर चांगल्या इंजिनातही येतो, कारण रिंगांच्या टोकांत फट असतेच. हेडच्या कडेने साबणाचे बुडबुडे उठले किंवा पुशरॉडच्या पोकळीतून शिट्टी ऐकू आली तर गॅस्केट. व्हॉल्व्हमधून आवाज येत असेल तर रॉकरवर लाकडी दांड्याने एक-दोन हलके ठोके द्यावेत; सीटवर अडकलेला कार्बनचा कण उडून जातो आणि कधीकधी काम तिथेच संपते.

रिंगांकडे बोट गेले तरी सिलिंडर काढण्याआधी एक स्वस्त प्रयत्न शिल्लक असतो. बराच काळ बंद असलेल्या इंजिनात रिंगा झिजलेल्या नसतात, कार्बनने खाचेत चिकटलेल्या असतात. भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडून रात्रभर ठेवावे, सकाळी प्लग न लावता दोरी अनेकदा ओढून ते बाहेर काढावे आणि तेल बदलूनच इंजिन सुरू करावे.

हेड उघडल्यावर

गॅस्केट जिथे फुंकली गेली असेल तिथे काळी रेघ दिसते. नवी गॅस्केट टाकण्यापूर्वी हेड जाड काचेवर ठेवून कडेने फिलर गेज घालून पाहावा, ०.१० मिलिमीटरची पट्टी आत गेली तर हेड वाकले आहे आणि नवी गॅस्केटही टिकणार नाही. बोल्ट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने, २४ न्यूटन मीटरपर्यंत आवळावेत.

व्हॉल्व्हची खात्री करण्यासाठी प्लग बसवून हेड उलटे ठेवावे आणि ज्वलनाच्या खोलगट जागेत रॉकेल भरावे. ज्या बाजूच्या पोर्टमध्ये ओल उतरते तो व्हॉल्व्ह गळतो. लॅपिंग पेस्टने (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवण्याच्या खरखरीत मलमाने) घासून सीटवर सलग करडी पट्टी आली की पुरे; पेस्टचा कणही आत राहू नये, तो नव्या रिंगाही खातो. सीटवरील पट्टी दोन मिलिमीटरपेक्षा रुंद झाली असेल तर लॅपिंगने काही साधत नाही.

कुठे थांबावे

सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागणाऱ्या उभ्या रेघा असतील, रिंग तुटलेली असेल, नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतील फट एक मिलिमीटरच्या आसपास येत असेल, सीटची कडी हेडमध्ये सैल झाली असेल, किंवा फ्लायव्हील पुढे-मागे हलवताना आतून टकटक ऐकू येत असेल, तर घरची हत्यारे बाजूला ठेवावीत. सीट कापणे, बोअर वाढवणे आणि क्रँक तपासणे ही मापाची कामे आहेत आणि ती मापाच्या यंत्रावरच होतात. गावठी उपाय म्हणून जुन्या झिजलेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून घेणारे बरेच भेटतात. भिंत अंडाकृती झालेली असेल तर त्या रिंगा गोल असूनही कधीच बसत नाहीत आणि हंगामाच्या मध्यावर इंजिन पुन्हा टेबलावर येते.

बोअरिंगवाल्याकडे जाताना एवढे करावे: आधी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा थोडा मोठा) पिस्टन आणि त्याच्या रिंगा हातात घ्याव्यात, मगच सिलिंडर द्यावा आणि त्या पिस्टनच्या मापानेच बोअर करून मागावा. चिनी इंजिनांचे सुटे भाग वरून सारखे दिसले तरी गॅस्केटची भोके आणि पिस्टनपिनची उंची वेगळी निघते, म्हणून जुना पिस्टन आणि जुनी गॅस्केट दुकानात सोबत न्यावी. नव्या बोअरचा आणि पिस्टनचा खर्च नव्या इंजिनाच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर ते सांगून मोकळे होणाऱ्या मेकॅनिकचे ऐकावे.